महालक्ष्मीच्या कोठीतला फोन

घरात फोन लपवायच्या जागा संपल्या, तेव्हाची ही गोष्ट. फोन माझ्या मुलीचा आणि लपवणारी मी. आट्याच्या डब्यात ठेवला, सापडला. रजयांच्या घडीत ठेवला, सापडला. गीझरच्या मागे ठेवला, तर तासाभरात तो तिच्या हातात होता आणि वर मलाच ऐकवलं, "आई, तिथं पाणी टपकतं ना. खराब झाला असता."

मी शाळेत गणित शिकवते. फोन जप्त करण्यात शाळेत माझा हात कोणी धरू शकत नाही. वर्गात शिरले की टेबलावर एक प्लास्टिकची टोपली ठेवते, आणि दहावीतली दांडगी पोरंसुद्धा मुकाट्याने आपापले फोन तिच्यात टाकतात. पालक-सभेत मी या विषयावर अर्धा अर्धा तास बोललेली आहे. त्यामुळे स्वतःच्या घरातली हार मला जास्तच झोंबायची.

मुलगी अकरावीत होती. तिमाहीत मार्क घसरले होते, आणि का घसरले हे सांगायला ज्योतिषी नको होता. रील बघायला बसली की अंगठा तेवढा हलायचा. चेहऱ्यावर हसू नाही, कंटाळा नाही, काहीच नाही. तीन हाका मारल्यावर चौथीला "हं?" यायचं. त्या "हं"ची मला भीती वाटायची, हे मी आज कबूल करते. तेव्हा मात्र भीती वाटली की मी ओरडायची. माझा स्वभावच तसा आहे.

त्यात दोन महिन्यांपासून एक नवीन खूळ निघालं होतं. आमच्याकडे रात्रीचं जेवण नऊशिवाय होत नाही, पण ही बया सात वाजताच स्वतःचं ताट वाढून घ्यायची. पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून उभा करायची, कानात इअरफोन घालायची, आणि फोनकडे बघत जेवायची. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वह्या तपासत असायची. मला दिसायची फक्त फोनची पाठ. जेवताना फोन, ही गोष्ट तर माझ्या डोक्यात तिडीक उठवणारी.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या संध्याकाळी माझा तोल गेला. एका मुलाने सोडवलेलं गणित पाहून आधीच डोकं तापलं होतं. समोर हिच्या तोंडात घास आणि डोळे फोनवर. मी हात लांबवून तांब्या ओढला. फोन तोंडावर पडला तो थेट दोडक्याच्या भाजीत.

"आई!" ती उठलीच. "पाच मिनट दे ना. बस जेवण होईपर्यंत. मग तू घे, महिनाभर घे."

"जेवताना तर अजिबात नाही."

"तुला कळत नाही आहे."

"मला सगळं कळतं," मी म्हटलं, फोन पदराने पुसला आणि आत नेला. तिने ताट तसंच सोडलं.

महिनाभर घे, असं ती म्हणाली होती. जिला दहा मिनिटं फोन सोडवत नाही ती पोर महिनाभर द्यायला तयार होते आणि बदल्यात फक्त पाच मिनिटं मागते, हे गणित माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. फोन बंद करायला गेले तर तो बंद व्हायलाही पासवर्ड मागत होता. मी तो तसाच चालू पर्समध्ये टाकला.

आमच्या महालक्ष्म्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, चेरीतालला, थोरल्या जाऊबाईंकडे बसतात. त्या नागपूरच्या, मी त्यांना ताई म्हणते, आणि लग्नाला वीस वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडासमोर मी सांभाळूनच असते. लग्न होऊन आले तेव्हा कुलाचाराचं सगळं त्यांनीच मला शिकवलं. आमच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा, मोठी आणि धाकटी, अशा दोघी असतात. सासूबाईंच्या वेळच्या कंबरभर उंचीच्या दोन मातीच्या कोठ्या आहेत. त्या गव्हाने भरायच्या, वर पितळी मुखवटा बसवायचा, साडी नेसवायची, दागिने घालायचे. मोठीची कोठी मोठ्या सुनेने भरायची, धाकटीची धाकटीने. आणि एकदा का मुखवटा बसला, की तिसऱ्या दिवशी विसर्जनाच्या अक्षता पडेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. मुखवटा हलला म्हणजे आई निघाली, असं आमच्यात मानतात.

सकाळी आम्ही महाराजपुरातून चेरीतालला पोचलो. मुलगी माझ्या पर्सकडे मांजरासारखी बघून राहिली होती. ताई बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या साड्यांच्या घड्या मोडत होत्या. मी धाकटीच्या कोठीत गहू ओतत होते, आणि तेव्हाच ते माझ्या डोक्यात आलं. इतकी सुरेख जागा घरभर शोधून सापडली नसती. इथे मुलगी हात घालणार नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही घालता येणार नाही. माझं नेहमीचं दुखणं हेच होतं: दुसऱ्या दिवशी तिचं उतरलेलं तोंड बघितलं की मी विरघळायची आणि फोन देऊन टाकायची. मला अशा कुलपाची गरज होती, जे मलाही उघडणार नाही. मी फोन रुमालात गुंडाळला, गव्हात खुपसला, वरून दोन ओंजळी गहू टाकले. संध्याकाळी हळदीकुंकवाच्या पावलांवरून, ताट वाजवत वाजवत महालक्ष्म्या घरात आल्या आणि ताईंनी दोन्ही मुखवटे बसवले. मी मनातल्या मनात हात झटकले.

पहिला दिवस तर दृष्ट लागावी असा गेला. मुलीने रांगोळी काढली. आघाडा-केनीच्या जुड्या बांधल्या. मी खूश. ताईंना म्हटलंसुद्धा, "बघा, फोन नसला की पोरगी कशी माणसात येते." आणि हे बोलताना माझ्या हातात माझा फोन होता. धाकटीच्या साडीच्या निऱ्यांचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले फोटो मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकत होते आणि कोण काय म्हणतं ते बघत होते.

ती मात्र मधूनमधून घड्याळाकडे बघत होती. संध्याकाळी वडिलांचा फोन मागून घेतला आणि लगेच परत दिला. नंतर कळलं, तिला मैत्रिणीला निरोप द्यायचा होता. पण नंबर पाठ नाही. आता कोणाला कोणाचा नंबर पाठ असतो? दुसऱ्या फोनवरून आपल्या खात्यात शिरायला गेली तर ओटीपी तिच्याच फोनवर येणार, म्हणजे गव्हात. रात्री झोपायच्या आधी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, फोन घरी राहिला का?"

"कुठे राहिला ते विसर्जनानंतर सांगेन."

ती काही तरी बोलणार होती. तेवढ्यात मी म्हटलं, "आणि भाषण नको, उद्या सोळा भाज्या चिरायच्या आहेत." ती उठून गेली. भाषण कोण देत होतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसरा दिवस पूजनाचा, जेवणाचा. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, कढी, वडे, चटण्या, कोशिंबिरी. इतकं सगळं होईतो नैवेद्याला सात वाजत आले. पाहुण्या सवाष्णी पाटांजवळ येऊन बसल्या होत्या. दोघींच्या पुढे ताटं वाढली, आणि ताईंनी पडदा ओढला. ही आमच्याकडची रीत. नैवेद्य दाखवला की पडदा लावायचा आणि सगळ्यांनी बाहेर गप्प बसायचं. माहेरी आलेली लेक, तिला निवांत जेवू द्यायचं, कोणी तोंडाकडे बघत बसायचं नाही. लहान पोरंसुद्धा त्या दहा मिनिटांत आवाज करत नाहीत. पंखा तेवढा फिरत होता.

आणि पडद्याआडून बदक ओरडलं.

क्वॅक, क्वॅक, क्वॅक. मातीच्या कोठीत घुमून आलेला तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. एका सवाष्णीने चटकन हात जोडले. दुसरीने पडद्याकडे पाहून तोंडाला पदर लावला, ती हसत होती की घाबरली होती कोण जाणे. ताईंचा चेहरा असा झाला होता की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. बदक थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

"हा माझा फोन आहे," मुलगी म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, कुठे ठेवलास?"

मी सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. सगळ्यांसमोर, लग्नाला वीस वर्षं झालेल्या सुनेने, धाकटीच्या पोटात फोन लपवल्याचं कबूल केलं.

"काहून वं?" ताई म्हणाल्या. आवाज हळू होता, तोच जास्त लागला. "घरात जागा नव्हती तुझ्या? गणिताची मास्तरीण तू, अन् देवीच्या कोठीत मोबाईल घालून राहिली?"

माझ्या मुलीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती ताईंकडे बघून रडायला लागली होती. "मोठी आई, तिचा कॉल आहे. तो आवाज मी फक्त तिच्यासाठी लावला आहे. काल ताटांच्या गोंगाटात ऐकू आला नसेल. परसोंपासून ती जेवली नसणार."

"कोण?"

मग ते बाहेर आलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, हुंदक्यांच्या मधून. आमच्याच कॉलनीतली, तिच्याबरोबर शाळेत असलेली मुलगी. दहावीनंतर तिला दुसऱ्या शहरात कोचिंगला ठेवलं होतं, हॉस्टेलवर. खोलीत एकटी. टेस्टमध्ये मागे पडत गेली, कोणाशी बोलेना, आणि मेसमध्ये एकटीने बसून तिला घास उतरेना. ताट घ्यायची आणि तसंच टाकायची. कपडे सैल झाले, एकदा चक्कर येऊन जिन्यात बसली. हे तिने फक्त माझ्या मुलीला सांगितलं होतं. तेव्हा या दोघींनी ठरवलं. सात वाजता मेस उघडली की तिने ताट खोलीत आणायचं आणि फोन लावायचा. इकडे हिने ताट वाढून घ्यायचं. दोघींनी मिळून जेवायचं आणि शेवटी रिकामं ताट एकमेकींना दाखवायचं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तिने शपथ घातली होती. तू तिच्या मम्मीला सांगितलं असतंस." मग नाक पुसून म्हणाली, "आणि तू विचारलंस कधी? तू फक्त ओढतेस."

ते खरं होतं. इतकी लाज मला शाळेत, घरात, कुठेच कधी वाटली नव्हती. दोन महिने रोज संध्याकाळी माझ्या टेबलावर एक मुलगी दुसऱ्या मुलीला जेवू घालत होती, आणि मी फोनच्या पाठीकडे बघून दात-ओठ खात होते.

आत बदक तिसऱ्यांदा ओरडलं. ओरडता ओरडता मध्येच गप्प झालं.

सगळ्या जणी ताईंकडे बघत होत्या. मुखवटा त्यांनी बसवला होता, हलवायचा की नाही हेही त्यांनीच सांगायचं होतं. मला त्यांचा स्वभाव माहीत होता. एका वर्षी कढीत मीठ राहिलं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी उपास धरला होता. मी म्हणणार होते, उद्या विसर्जनापर्यंत थांबू. तोंडही उघडलं होतं.

ताई उठल्या. पडदा स्वतःच्या हाताने बाजूला केला. धाकटीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या, "बाई, माफ कर. तू माहेरी येऊन सोळा भाज्या जेवून राहिली, अन् ते लेकरू तिकडे परमुलखात उपाशी आहे. थोडी सरक." मग मागे न बघता म्हणाल्या, "चूक लागली तर मला लागू दे. घरात मोठी मी आहे. चलो, पाट आण इकडे."

मी पाट आणला, त्यावर तांदूळ पसरले. ताईंनी मुखवटा दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवला. मला म्हणाल्या, "घाल हात. तूच ठेवलास ना?" मी कोपरापर्यंत हात गव्हात घातला. फोन निघाला तेव्हा चार्जरच्या भोकात गव्हाचा दाणा अडकला होता आणि बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. कोणीतरी चार्जर आणला. मुलीने टाचणीने दाणा काढला.

फोन लागला. पलीकडची पोर म्हणाली, "मुझे लगा तू भी चली गई."

"नहीं रे. मम्मी ने फोन ले लिया था. महालक्ष्मीजी के अंदर रख दिया था."

"क्या?"

"सच्ची. अभी निकाला."

पलीकडून एक आवाज आला. रडण्यातून फुटलेलं हसू होतं ते. मला आधी कळलंच नाही, कारण त्या मुलीला मी हसताना शेवटचं पाहिलं त्याला पाच-सहा महिने होऊन गेले होते.

त्यानंतर जे झालं ते आमच्या घराच्या इतिहासात झालेलं नाही. सवाष्णींना वाढायच्या आधी ताईंनी माझ्या मुलीला पाटावर बसवलं आणि पहिलं ताट तिला वाढलं. फोन तांब्याला टेकवला. चार्जरची वायर रांगोळीवरून गेली. मग स्वतः फोनसमोर वाकून, अगदी जवळ तोंड नेऊन ताई म्हणाल्या, "बेटा, हम इसकी बड़ी माँ. जा, थाली लेके आ. हम सब बैठे हैं."

ती गेली, ताट घेऊन आली. पाणीदार डाळ, भात, कसलीशी बटाट्याची भाजी. माझ्या मुलीने पुरणपोळीचा तुकडा मोडून कॅमेऱ्यासमोर धरला आणि पलीकडच्या मुलीने भाताचा घास उचलला. पहिला घास गिळायला तिला वेळ लागला. आठ-दहा भुकेल्या बायका आपापल्या रिकाम्या ताटांसमोर बसून होत्या आणि एकीनेही हूं की चूं केलं नाही. माहेरवाशिणीच्या तोंडाकडे बघायचं नाही ही रीत आहे, म्हणून आम्ही सगळ्या फोनकडे न बघता तांब्याच्या दुसऱ्या बाजूला बघत होतो. शेवटी तिने ताट उचलून दाखवलं. थोडा भात राहिला होता. "कोई बात नहीं," माझी मुलगी म्हणाली.

मग ताईंनी मुखवटा परत बसवला, पडदा ओढला, आणि आम्ही नव्याने दहा मिनिटं गप्प बसलो. त्याला विसर्जन म्हणायचं की काय म्हणायचं, हे गुरुजींना विचारायचं नाही असं सगळ्यांचं न बोलता ठरलं.

त्या मुलीच्या आईला मी काही सांगितलं नाही. सांगावं असं फार वाटत होतं, पण आधी तिलाच विचारलं. तिने रविवारपर्यंत मुदत मागितली आणि रविवारी स्वतःच आईला फोन करून सांगितलं. आई तिकडे जाऊन पंधरा दिवस राहिली. पुढे तिला परत आणायचं की नाही यावर त्यांच्या घरात अजून वाद चालू आहे. मी त्यात बोलत नाही. माझ्यासारखीला न बोलणं किती जड जातं, ते मलाच ठाऊक.

शाळेत टोपली आजही ठेवते. रीलच्या बाबतीत घरीही कायदा आहे, रोज एक तास, आणि तो मोडला तर मी आजही ओरडते. तो अंगठा आणि ते "हं" मला आजही आवडत नाही, आणि मुलीला वाटेल ते करू द्यावं असंही माझं मत झालेलं नाही. फक्त पालक-सभेत आता माझं अर्ध्या तासाचं बोलणं पाच मिनिटांत आटपतं. बाकी वेळ मी पालकांना विचारते, तुमचं मूल फोनवर कोणाशी बोलतं? बहुतेकांना सांगता येत नाही. मलाही आलं नसतं.

विसर्जनाच्या संध्याकाळी आम्ही घरी परतलो, तेव्हा सात वाजायला आले होते. फोन माझ्याच पर्समध्ये होता, सवयीने ठेवलेला. मुलीने ताट वाढून घेतलं आणि टेबलाशी बसली. फोन मागितला नाही. मी वह्या उघडल्या, मिटल्या. फोन काढून तिच्यापुढे ठेवला आणि तांब्या तिच्याकडे सरकवला. मग आत जाऊन माझंही ताट वाढून आणलं आणि खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसले, जिथून फोनचं तोंड दिसतं.

फोन लागला. मला बघून ती पोर दचकलीच. "नमस्ते आंटी. आप भी?"

"हां बेटा," मी म्हटलं. "भूख लगी है."

तिघी जेवलो. फारसं कोणी बोललं नाही. वह्या जमा करायची तारीख, मेसमधली भाजी, असंच काही. जेवण झाल्यावर माझ्या मुलीने ताट उचलून दाखवलं. पलीकडे तिने दाखवलं, आणि आज त्यात भात नव्हता. मग दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या ताटात दोडक्याची भाजी उरली होती. मला दोडका आवडत नाही, मी तो नेहमी ताटात तसाच टाकते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

मी भाजी संपवली आणि ताट उचलून दाखवलं.